दूरस्थ सर्व्हरचे अद्ययावतीकरण : व्यावहारिक अडचणी आणि परतीची वाट
(बजाजनगर-वाळूज परिसरातील लघुउद्योगांच्या विशेष संदर्भात)

सारांश

उद्योगांचे हिशेब, साठ्याच्या नोंदी, देयके आणि पत्रव्यवहार आता बहुतांशी दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर ठेवले जातात. हा सर्व्हर वेळोवेळी अद्ययावत करणे अपरिहार्य असते. मात्र तो डोळ्यांसमोर नसल्यामुळे साधी वाटणारी कृतीही जोखमीची ठरते. प्रस्तुत लेखात या कामातील संपर्क, वेळ, आज्ञावलींचे परस्परावलंबन, मराठी मजकूर आणि मालकी यांसंबंधीच्या अडचणींचे विवेचन केले आहे. अद्ययावतीकरणाचे यश नव्या आवृत्तीपेक्षा जुन्या स्थितीकडे परतण्याच्या तयारीवर अधिक अवलंबून असते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : दूरस्थ सर्व्हर, अद्ययावतीकरण, बॅकअप, युनिकोड, लघुउद्योग, वाळूज औद्योगिक वसाहत.

१. प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर-पुणे मार्गावरील वाळूज औद्योगिक वसाहतीला १९८५ मध्ये सुरू झालेल्या बजाज ऑटोच्या कारखान्यामुळे खरी गती मिळाली. या कारखान्याला सुटे भाग पुरविणारे अनेक लहानमोठे उद्योग परिसरात उभे राहिले. एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक यांसारख्या कंपन्या याच भूमीतून मोठ्या झाल्या. या वसाहतीतील कामगार, तंत्रज्ञ आणि लघुउद्योजक यांची वस्ती म्हणजे बजाजनगर होय.

येथील लघुउद्योगांचे स्वरूप पाहिले असता एक बाब ठळकपणे जाणवते. मोठ्या कारखान्याला सुटा भाग ठरलेल्या वेळी पोहोचवावा लागतो. त्यासाठी देयक, ई-वे बिल आणि गुणवत्तेची कागदपत्रे मालाबरोबर असावी लागतात. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा अधिक असलेल्या उद्योगांना नोंदणीकृत ग्राहकाला द्यावयाच्या देयकांसाठी ई-इन्व्हॉइस अनिवार्य झाले आहे. ही कागदपत्रे ज्या आज्ञावलीतून तयार होतात ती दूरच्या सर्व्हरवर असेल आणि तो सर्व्हर बंद पडला, तर यंत्रावर तयार झालेला माल फाटकाशी अडतो. सर्व्हरची देखभाल हा केवळ संगणक तज्ज्ञांचा विषय राहिलेला नाही, तो उत्पादनाचा विषय झाला आहे, असे म्हणता येईल.

२. दूरस्थ सर्व्हर : संकल्पना

जो संगणक इतर संगणकांच्या मागणीनुसार माहिती पुरवितो त्यास सर्व्हर म्हणतात. तो स्वतःच्या कार्यालयात न ठेवता सेवा पुरवठादाराच्या डेटा सेंटरमध्ये ठेवून इंटरनेटद्वारे वापरला जातो तेव्हा त्यास दूरस्थ सर्व्हर म्हटले जाते. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची माहिती ठेवणारे सामायिक होस्टिंग, एका यंत्राचे आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक भाग पाडून दिलेला आभासी सर्व्हर, आणि संपूर्ण यंत्रच एका ग्राहकास दिलेला स्वतंत्र सर्व्हर असे त्याचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात.

या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक भारतीय संकेतस्थळे अमेरिकेतील सर्व्हरवर ठेवली जात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केल्यानंतर अंतर बरेच कमी झाले. तरीही सर्व्हर मुंबईत असो वा अमेरिकेत, बजाजनगरातील उद्योजकाच्या दृष्टीने मूलभूत स्थिती बदलत नाही. यंत्राच्या बटणापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ यातच आहे.

३. अद्ययावतीकरण का टाळता येत नाही ?

‘चालू आहे तोवर हात लावू नये’ हा कारखान्यातील यंत्रांबाबतचा अनुभवसिद्ध विचार सर्व्हरलाही लावला जातो. लेथ मशिन वीस वर्षे तसेच चालू शकते. सर्व्हरच्या भोवतालचे जग मात्र बदलत असते. सर्व्हरसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या सेंटओएस या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. आठव्या आवृत्तीचा आधार तर त्याहून आधी, ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपविण्यात आला. त्यामुळे नवी म्हणून आठवी आवृत्ती स्वीकारणाऱ्यांची अडचण जुन्या आवृत्तीवर थांबलेल्यांपेक्षा लवकर सुरू झाली. २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी टीएलएस या सुरक्षित संपर्कपद्धतीच्या १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या स्वीकारणे बंद केले. ज्या सर्व्हरवर त्याच आवृत्त्या होत्या तो सुस्थितीत असूनही ग्राहकांना उघडता येईनासा झाला.

सुरक्षेचे कारण अधिक गंभीर आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीची संगणकव्यवस्था निकामी केली. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. मराठवाड्यातील निर्यातदारांचा माल ज्या बंदरातून जातो तेथेच ही घटना घडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध करून दिली होती, त्या त्रुटीचाही या आज्ञावलीने उपयोग केला होता. मात्र याच घटनेची दुसरी बाजूही आहे. ती आज्ञावली मुळात पसरली युक्रेनमधील एका लेखा-आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून. म्हणजे अद्ययावतीकरण न करणे धोक्याचे, आणि डोळे झाकून करणेही धोक्याचे.

४. व्यावहारिक अडचणी

४.१ संपर्काचा एकच धागा

दूरस्थ सर्व्हरवर काम करणारा तंत्रज्ञ ज्या जोडणीवरून आज्ञा देतो ती जोडणी त्याच सर्व्हरच्या नेटवर्क व फायरवॉलच्या मांडणीवर उभी असते. ती मांडणी बदलताना एक आज्ञा चुकली तर जोडणी तुटते, आणि चूक दुरुस्त करण्यासाठी लागणारी वाटही तिच्याबरोबर जाते. नवी आवृत्ती बसविल्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, तेव्हाही हीच स्थिती असते. काही मिनिटांनी सर्व्हरने प्रतिसाद दिला नाही, तर तो बंद आहे, डिस्कची तपासणी करीत आहे की चालू असूनही नेटवर्कवर आलेला नाही, हे बाहेरून कळत नाही.

ही अडचण केवळ लहान उद्योगांची नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नियमित देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने तिच्या सर्व डेटा सेंटरना जोडणारे जाळेच खंडित झाले. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. दूरून दुरुस्ती करण्याची साधने त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा आज्ञावलीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यांपैकी अनेकांपाशी माणसाने स्वतः जाऊन ते सुरू करावे लागले.

यावरील उपाय म्हणजे दुसरी, स्वतंत्र वाट. बहुतेक पुरवठादार नेटवर्कवर अवलंबून नसलेला ‘कन्सोल’ देतात. त्यातून सर्व्हरचा पडदा समोर बसल्याप्रमाणे दिसतो. मात्र तो चालतो की नाही, त्याचा पासवर्ड कोणता, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहणे आवश्यक असते. फायरवॉल बदलताना ‘दहा मिनिटांत संमती न मिळाल्यास जुनी मांडणी आपोआप लागू व्हावी’ अशी आज्ञा आधी लावून ठेवण्याची पद्धतही उपयुक्त ठरते.

४.२ माहितीची ने-आण

अनेकदा जुना सर्व्हर जागच्या जागी सुधारण्यापेक्षा नवा सर्व्हर घेऊन त्यावर माहिती हलविणे श्रेयस्कर असते. येथे साधा हिशेब आड येतो. १०० गीगाबाइट माहिती कार्यालयातून सेकंदाला २० मेगाबिट या वेगाने वर चढवावयाची झाल्यास ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून अधिक काळ लागतो. जाहिरातीतील वेग बहुधा माहिती उतरविण्याचा असतो, चढविण्याचा वेग त्याहून कमी असू शकतो. वीज गेली वा जोडणी तुटली तर जेथे थांबले तेथून पुढे चालू करणारी आज्ञावली वापरलेली नसल्यास सारे पुन्हा करावे लागते. म्हणून माहिती कार्यालयात न आणता एका डेटा सेंटरमधून थेट दुसऱ्याकडे हलविणे, आणि मोठा भाग आधी हलवून शेवटच्या दिवशी केवळ झालेले बदल पाठविणे हिताचे असते.

नाव व पत्ता यांचा प्रश्न वेगळाच आहे. संकेतस्थळाचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यावे याची नोंद जगभरातील मधल्या यंत्रणा काही काळ स्मरणात ठेवतात. ही मुदत अनेकदा ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असते. नोंद बदलल्यानंतरही काही वापरकर्ते जुन्या सर्व्हरवर आणि काही नव्यावर जात राहतात. दोन्हीकडे देयके तयार होऊ लागली तर एकच क्रमांक दोन देयकांना मिळतो. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार देयकाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, त्यामुळे ही चूक पुढे हिशेबनिसाच्या माथी येते. ती टाळण्यासाठी स्मरणाची मुदत एक-दोन दिवस आधीच कमी करून ठेवावी आणि बदलाच्या क्षणी जुन्या सर्व्हरवरील नोंदी बंद कराव्यात.

बँका वा शासकीय यंत्रणा जेथे ठरावीक सर्व्हर-पत्त्यावरून आलेलीच विनंती स्वीकारतात, तेथे नव्या सर्व्हरचा पत्ता आधी नोंदवावा लागतो. या नोंदीस लागणारा काळ स्वतःच्या हातात नसतो.

४.३ आज्ञावलींचे परस्परावलंबन

सर्व्हरवर एकच आज्ञावली नसते. मूळ प्रणाली, डेटाबेस, वेब सर्व्हर, संगणकभाषा आणि तीत लिहिलेली उद्योगाची आज्ञावली असे थर एकमेकांवर रचलेले असतात. खालचा थर बदलला की वरचा हलतो. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ या आवृत्तीतून डेटाबेसशी बोलणाऱ्या मायएसक्यूएलच्या जुन्या आज्ञांचा संच काढून टाकण्यात आला. त्या आज्ञांवर आधारलेल्या आज्ञावली नव्या आवृत्तीवर चालतच नाहीत. पीएचपी ५.६ चा आधार तर ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपला.

लघुउद्योगांत ही अडचण विशेष तीव्र होते. आज्ञावली एखाद्या स्थानिक तज्ज्ञाकडून करून घेतलेली असते. तो पुण्यास वा परदेशी गेलेला असतो. मूळ आज्ञालेख कोणाकडे आहे हे निश्चित नसते. अशा वेळी सर्व्हर अद्ययावत करण्याचा खर्च हा वस्तुतः आज्ञावली पुन्हा लिहिण्याचा खर्च असतो, आणि तो अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

४.४ मराठी मजकुराचा प्रश्न

कामगारांची नावे, गावे, पत्ते आणि सूचना मराठीत ठेवणाऱ्या उद्योगांना व ग्रामपंचायतींना एका स्वतंत्र अडचणीस तोंड द्यावे लागते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बजाजनगर’ या शब्दात काना धरून सात चिन्हे आहेत, म्हणून तो २१ बाइट व्यापतो. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ लिपिसंहिता २०१८ मधील आवृत्ती ८.० पर्यंत ‘लॅटिन-१’ होती. तीत एक बाइट म्हणजे एक अक्षर. अनेक जुन्या आज्ञावलींनी मराठीचे बाइट या लॅटिन रकान्यांत तसेच ठेवले आणि तसेच परत वाचले. जाताना व येताना चूक सारखीच असल्याने पडद्यावर मराठी व्यवस्थित दिसत राहिले.

माहिती नव्या सर्व्हरवर नेताना ही जोडी फुटते. नवा डेटाबेस प्रत्येक बाइटला लॅटिन अक्षर समजून त्याचे पुन्हा रूपांतर करतो. परिणामी ‘बजाजनगर’च्या जागी एकवीस अनाकलनीय चिन्हांची रांग येते. ही स्थिती भीतिदायक दिसली तरी बहुधा उलट रूपांतराने सुधारता येते. याउलट मराठीच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे दिसू लागली तर मूळ बाइटच पुसले गेलेले असतात आणि जुन्या बॅकअपखेरीज उपाय उरत नाही. हा भेद माहीत नसल्याने पहिल्या स्थितीत घाईने दुरुस्ती करून दुसरी ओढवून घेतली जाते.

अक्षरक्रमाचाही प्रश्न उद्भवतो. लिनक्समधील ग्लिबसी या मूलभूत ग्रंथालयाच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत शब्दक्रमाचे नियम बदलले. पोस्टग्रेस डेटाबेसच्या ज्या अनुक्रमणिका जुन्या क्रमाने बांधल्या होत्या त्या नव्या प्रणालीवर चुकीच्या ठरल्या. अस्तित्वात असलेली नोंद सापडत नाही, आणि एकच नोंद दोनदा होते, असे त्याचे परिणाम होतात. अशा वेळी अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागतात. त्यातच ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ यांसारख्या आडनावांतील ‘ऱ’ एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना एकच दिसणारी ही दोन रूपे डेटाबेस एक मानतो की दोन, हे त्याच्या आवृत्तीवर व मांडणीवर ठरते.

शेवटची बाब छपाईची. नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसविलेला नसल्यास देयकाच्या पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी चौकटी उमटतात. फॉन्ट असूनही जोडाक्षरे घडविणारी यंत्रणा नसेल तर ‘छत्रपती’तील ‘त्र’ फुटतो आणि ‘अहिल्यानगर’मधील पहिली वेलांटी ‘ह’च्या पुढे जाऊन बसते. इंग्रजीतून केलेल्या चाचणीत हे दोष दिसत नाहीत, म्हणून चाचणी मराठी नोंदींवरच व्हावयास हवी.

४.५ काम थांबविण्याची वेळ

तीन पाळ्यांत चालणाऱ्या वसाहतीत सर्व्हर बंद ठेवण्यास सोयीची वेळ शोधणे सोपे नसते. रात्र ही सोयीची वाटते, परंतु रात्री पुरवठादाराचा मदतकक्ष मंदावलेला, आज्ञावलीचा जाणकार झोपलेला आणि काम करणारा थकलेला असतो. महिनाअखेर, पगाराचे दिवस आणि कर-विवरणपत्रांच्या मुदती वर्ज्य केल्या की महिन्यातील मोजकेच दिवस उरतात.

या दृष्टीने मुंबईस्थित एचडीएफसी बँकेचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. सेवा वारंवार खंडित झाल्यामुळे रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबर २०२० रोजी या बँकेच्या नव्या डिजिटल सेवा व नवी क्रेडिट कार्डे यांवर तात्पुरते निर्बंध घातले होते. ते मार्च २०२२ मध्ये पूर्णपणे उठले. पुढे १३ जुलै २०२४ रोजी बँकेने आपली मूळ बँकिंग प्रणाली नव्या व्यवस्थेवर हलविली. त्यासाठी सुट्टीचा दुसरा शनिवार निवडला गेला. पहाटे ३ ते दुपारी ४.३० असा साडेतेरा तासांचा अवधी नऊ कोटींहून अधिक ग्राहकांना आधीच कळविण्यात आला. यूपीआय सेवा कोणत्या दोन टप्प्यांत बंद राहील आणि कोणत्या सेवा चालू राहतील हेही सांगितले गेले.

याउलट ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर हलविली, तेव्हा अनेक ग्राहकांना आपल्याच खात्यापर्यंत पोहोचता येईना. सेवा पूर्ववत होण्यास काही महिने लागले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी या बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

४.६ मालकी आणि जबाबदारी

सर्व्हर कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर लघुउद्योगात अनेकदा अस्पष्ट असते. डोमेन आज्ञावली करून देणाऱ्याच्या नावावर, होस्टिंगचे खाते जुन्या कर्मचाऱ्याच्या ई-मेलवर आणि ओटीपी बंद झालेल्या मोबाइल क्रमांकावर, अशी स्थिती उद्भवू शकते. दैनंदिन कामात ती जाणवत नाही. अद्ययावतीकरणाच्या दिवशी मात्र पहिल्याच पायरीवर काम थांबते.

कायद्याची बाजूही येथे येते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकव्यवस्थेच्या कार्यनोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. जुना सर्व्हर रद्द करताना या नोंदीही नष्ट होतात, याकडे दुर्लक्ष होते. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार कंपन्यांना आपल्या इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे.

५. परतीची वाट : कार्यपद्धतीचे टप्पे

वरील अडचणींतील समान धागा असा की, काम बिघडल्यानंतर विचार करण्यास अवसर मिळत नाही. म्हणून परतण्याची तयारी आधी, आणि अद्ययावतीकरण नंतर, असा क्रम असावा.

(१) नोंदवही : सर्व्हरवरील सर्व आज्ञावली, त्यांच्या आवृत्त्या, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे, पासवर्ड कोणाकडे आहेत आणि खाती कोणाच्या नावावर आहेत, यांची लेखी यादी करावी. ती सर्व्हरवर ठेवू नये.

(२) बॅकअप आणि त्याची परीक्षा : पुरवठादाराच्याच केंद्रात ठेवलेली प्रत पुरेशी नसते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअप त्याच ठिकाणी होता त्यांची माहिती मुळासह गेली. म्हणून एक प्रत अन्यत्र, शक्य तर स्वतःच्या ताब्यात असावी. शिवाय ती दुसऱ्या संगणकावर उतरवून, मागील महिन्याची बेरीज व काही मराठी नावे पडताळून पाहावीत. जो बॅकअप कधी उतरवून पाहिलेला नाही, त्यावर विसंबून काम सुरू करू नये.

(३) तालीम : सर्व्हरची हुबेहूब प्रत करून प्रथम तिच्यावर अद्ययावतीकरण करावे. लागलेला वेळ घड्याळ लावून नोंदवावा. आभासी सर्व्हर तासांच्या दराने मिळत असल्याने हा खर्च अल्प असतो.

(४) परतीची सीमारेषा : कोणत्या वेळेपर्यंत काम पूर्ण झाले नाही तर जुन्या स्थितीकडे परतायचे, हे आधी ठरवावे. सहा तासांपैकी परतण्यास दोन तास लागणार असतील तर निर्णय चौथ्या तासाच्या आत व्हावयास हवा. नव्या सर्व्हरवर व्यवहार सुरू झाल्यानंतर परतणे अवघड होते, कारण तोवरच्या नव्या नोंदी जुन्यात नसतात.

(५) पर्यायी व्यवस्था : त्या अवधीत माल अडू नये यासाठी शासनाच्या संकेतस्थळावरून हाताने ई-वे बिल व ई-इन्व्हॉइस करण्याची माहिती आणि अधिकार किमान एका कर्मचाऱ्यास असावेत. त्या काळातील देयकांसाठी वेगळी क्रमांकमालिका राखून ठेवावी.

(६) जुना सर्व्हर : नवा सर्व्हर सुरू होताच जुना रद्द करण्याची घाई करू नये. किमान एक मासिक विवरणपत्र भरून होईपर्यंत तो नव्या नोंदींसाठी बंद, परंतु वाचनासाठी उपलब्ध ठेवावा. या एका महिन्याच्या भाड्याकडे विम्याचा हप्ता म्हणून पाहावे.

६. निष्कर्ष

दूरस्थ सर्व्हरमुळे लघुउद्योगाची यंत्रखरेदी, वातानुकूलन व वीजखंडन यांच्या चिंतेतून सुटका झाली, हे खरे आहे. मात्र यंत्र दूर गेले तरी जबाबदारी दूर गेलेली नाही. फेसबुकसारख्या संस्थेने अभियंते डेटा सेंटरच्या दारापर्यंत पाठविले. वाळूजच्या लघुउद्योजकाला ते शक्य नाही, म्हणून त्याची पूर्वतयारी अधिक काटेकोर असणे क्रमप्राप्त आहे.

ही तयारी खर्चिक नाही. लेखी यादी, तपासलेला बॅकअप, एक तालीम, मराठी नोंदींवरील चाचणी आणि परतण्याची ठरलेली वेळ एवढ्यानेच जोखीम मोठ्या प्रमाणात घटते. बजाजनगरासारख्या वस्तीत शेजारच्या गाळ्यातील उद्योजकासही हेच काम करावयाचे असते. पाच-दहा उद्योगांनी मिळून एक जाणकार आणि एक सामायिक तालीम-सर्व्हर ठेवल्यास प्रत्येकाचा भार आणखी हलका होईल. परिसरातील महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र विभागांनाही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी बॅकअप उतरवून पाहणे व मराठी माहितीचे स्थलांतर हे विषय घेता येतील. मालाची गाडी वेळेवर फाटकाबाहेर पडावी, महिनाअखेरीस कामगाराचा पगार त्याच्या अचूक लिहिलेल्या नावाने निघावा, एवढ्या साध्या गोष्टी या तयारीवर अवलंबून आहेत.